जुन्या इस्टेटीतलं तळं आणि त्यावरचा लोखंडी पूल: वाचायचा कसा, तपासायचा कसा, जपायचा कसा

पुलापासून सुरुवात करू नका.

जुन्या इंग्रजी इस्टेटीच्या बागेत शिरलं की नजर आधी तिथेच जाते, हे मान्य. वळणदार तळं, त्यावर काळपट हिरव्या रंगाचा नाजूक जाळीचा पूल, पलीकडे हिरवळीवरून वर चढत गेलेला प्रासाद. हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. अशा एका इस्टेटीच्या पाहणीच्या माझ्या पहिल्याच कामात मी अख्खी सकाळ कठड्याच्या नक्षीचे फोटो काढण्यात घालवली. दुपारी जवळची वाट म्हणून तळ्याच्या पाळीखालून परत निघालो आणि उजवा बूट घोट्यापर्यंत रुतला. आठवडाभर पाऊस नव्हता. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं आणि पाळीच्या पायथ्याशी टेबलाएवढा एकच तुकडा हिरवागार, लुसलुशीत. पाळ पाझरत होती. माझ्या वहीत तोवर कठड्याच्या अठ्ठेचाळीस नोंदी झाल्या होत्या, पाळीची एकही नव्हती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पाणी आधी, लोखंड नंतर. कारण साधं आहे. ही तळी दिसतात नैसर्गिक, पण बहुतेक माणसाने अडवलेली आहेत, आणि पूल त्या पाण्याच्या जिवावर उभा आहे. पूल कुठे बांधला, केवढ्या उंचीवर बांधला, कुठे गंजला, कुठे खचला, या सगळ्याची उत्तरं पाण्याकडे असतात. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्यांना, वास्तुसंवर्धन शिकणाऱ्यांना किंवा नुसतं नीट पाहायची हौस असलेल्यांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणं मुख्यतः ब्रिटनमधली आहेत, कारण ही तऱ्हा तिथे रुजली आणि तिथून युरोपभर गेली.

पायरी १: आधी कागद

जागेवर जाण्यापूर्वी एक संध्याकाळ नकाशांना द्या. इंग्लंडमधल्या कुठल्याही नावाजलेल्या इस्टेटीची नोंद राष्ट्रीय वारसा यादीत सापडते. इमारती आणि पूल यांना तिथे तीन दर्जे असतात, आणि ऐतिहासिक बागांची वेगळी नोंदवही १९८० च्या दशकात सुरू झाली. तिच्यात आज १,६०० हून अधिक बागा आहेत. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे काढा. दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की तळ्याचा काठ कुठे आत सरकला आणि पाणी होतं तिथे आता झाडी कुठे आहे, ते लगेच दिसतं. जिथे काठ सरकला तिथे गाळ साचला, असं तात्पुरतं धरून चाला.

इस्टेटीच्या जमाखर्चाच्या वह्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. ओतशाळेचं बिल, गाडीभाडं, रंगाऱ्याची मजुरी अशा नोंदींवरून पुलाचं वय कुठल्याही शैलीच्या अंदाजापेक्षा पक्कं कळतं. हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा बागरचनाकार आपल्या ग्राहकांना लाल चामड्याच्या बांधणीतल्या वह्या करून देई. त्यात जागेचं आजचं चित्र आणि त्यावर उचलता येणारी झडप असे. झडप उचलली की खाली त्याने सुचवलेला बदल. अशी वही त्या इस्टेटीची असेल तर आधी ती पाहा. मात्र त्याने सुचवलेलं सगळं मालकांनी केलंच असं नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी २: पाळ, आणि तीही खालून

तळ्याचं पाणी ज्या बाजूने बाहेर पडतं तिकडे जा आणि पाळीच्या खालच्या अंगाला उभे राहा. वरून पाळ कधीच कळत नाही. बागेत ती मुद्दाम लपवलेली असते. वरून रस्ता नेलेला असतो, किंवा उतार इतका हळुवार केलेला असतो की टेकडीच वाटावी. स्टाउरहेड इथलं प्रसिद्ध तळं हेन्री होअरने १७५० च्या दशकात स्टाउर नदीच्या उगमाकडचं पाणी अडवून केलं. काठाने फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण बंधाऱ्यावरून चालतोय याचा पत्ता लागतो.

या पाळींच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. ओली चिकणमाती थराथराने पसरायची, कुदळीने चिरायची, पायांनी तुडवायची, एकजीव झाली की पुढचा थर. अशी तुडवलेली माती पाणी धरते, पण एका अटीवर: तिने ओलं राहिलं पाहिजे. सुकली की तडकते, आणि तडकलेली माती पुन्हा भिजवून पूर्ववत होत नाही.

खालून पाहताना चार गोष्टी शोधा. पहिली पाझर. पाझर असणं ही दरवेळी घाबरायची गोष्ट नाही. जुन्या मातीच्या पाळी थोड्या घाम गाळतातच. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे महत्त्वाचं. काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरा. स्वच्छ आणि दर महिन्याला तेवढंच असेल तर नोंद ठेवा. गढूळ असेल तर पाणी पाळीतली माती घेऊन येतंय, म्हणजे आत पोकळी होतेय. तिथे पाहणी थांबवायची आणि त्याच दिवशी जबाबदार माणसाला कळवायचं. दुसरी गोष्ट झाडं. पाळीवरचं मोठं झाड वाऱ्यात उन्मळलं तर मुळांबरोबर पाळीचा घास घेऊन जातं, आणि तोडलं तर मुळं कुजून पाण्याला वाट करून देतात. म्हणून पाळीवरचं झाड अभियंत्याला विचारल्याशिवाय तोडायचंही नाही आणि नवं वाढूही द्यायचं नाही. तिसरी बिळं: ससे आणि बॅजर. चौथी, आणि सगळ्यात दुर्लक्षित, सांडवा.

सांडवा म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर जाण्याची वाट. बागांमध्ये तोच बहुधा धबधबा म्हणून नटवलेला असतो, त्यामुळे लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. त्याच्या तोंडाशी फांद्या अडकल्या, कुणी मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली, की पुराचं पाणी पाळीच्या डोक्यावरून जातं. मातीची पाळ डोक्यावरून वाहिलेलं पाणी सोसत नाही. विंडसरजवळच्या व्हर्जिनिया वॉटर या राजघराण्याच्या तळ्याची पाळ १७६८ च्या पुरात वाहून गेली, तेव्हा तळंच गेलं.

इथेच कायद्याचं एक गणित करून टाका. इंग्लंडमध्ये १९७५ च्या जलाशय कायद्याप्रमाणे आजूबाजूच्या नैसर्गिक जमिनीच्या वर २५,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी साठवणारं तळं नोंदवावं लागतं. वेल्समध्ये ही मर्यादा १०,००० आहे. एक हेक्टर तळ्यात सरासरी अडीच मीटर पाणी म्हणजे बरोबर २५,०००. म्हणजे फार मोठं तळं लागत नाही. धोका जास्त असलेल्या तळ्यांवर एक देखरेख अभियंता नेमलेला असतो आणि जास्तीत जास्त दर १० वर्षांनी स्वतंत्र अभियंता तपासणी करतो. त्याचा मागचा अहवाल मागून घ्या. तुमचं अर्धं काम त्यात झालेलं असतं. तळं मर्यादेखाली असलं तरी मालक सुटत नाही. साठवलेलं पाणी फुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर साठवणारा जबाबदार, हे तत्त्व १८६८ साली ब्रिटिश उमराव सभेने एका गिरणीच्या फुटलेल्या तळ्याच्या खटल्यातच पक्कं केलं.

पायरी ३: उलट दिशेने उगमाकडे

पाळ झाली की पाणी येतं कुठून ते पाहा. नदी थेट तळ्यात येते, की बाजूने वळवलेला पाट आहे, की तळातलेच झरे आहेत? पेन्सहिलला तळं शेजारच्या मोल नदीपेक्षा उंचावर आहे, म्हणून तिथे पाणी चाकाने वर चढवावं लागलं. एकोणिसाव्या शतकातलं मोठं लोखंडी पाणचक्र तिथे आजही पाहायला मिळतं. चॅट्सवर्थला उलट. जोसेफ पॅक्स्टनने १८४४ चं एम्परर कारंजं उडवण्यासाठी वरच्या माळावर नवं तळंच खोदून घेतलं. पंप नाही, नुसता उंचीचा दाब. फवारा सुमारे ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. ज्या रशियन झारसाठी हा खटाटोप केला, तो आलाच नाही.

कारंज्याच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं: पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण एक वातावरण दाब मिळतो, आणि फवारा कधीही मूळ तळ्याच्या पातळीइतका चढत नाही. नळातलं घर्षण, वाकणं, तोंडाशी साचलेलं चुन्याचं किटण हे सगळे आपापला वाटा घेतात. जुनं कारंजं पूर्वीपेक्षा खुजं उडत असेल तर पंप बसवण्याआधी नळ आणि तोंड तपासा.

गाळाचं मात्र सविस्तर पाहायला हवं. यॉर्कशरच्या स्टडली रॉयलमध्ये जॉन एस्लबीने साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात राजकारणातलं स्थान गमावल्यावर अठराव्या शतकात स्केल नदीचं पाणी कालव्यात आणि चंद्रतळ्यांत खेळवलं. जागा आज जागतिक वारसा आहे, आणि तिची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे तीच नदी वरच्या शेतांतून आणत असलेला गाळ. तळ्यातून गाळ काढणं म्हणजे गळक्या नळाखालची बादली रिकामी करणं. वरची शेतं, उघडे काठ, गुरांनी तुडवलेले उतार यांचा बंदोबस्त आधी, नाहीतर पुढच्या पिढीला तोच खर्च पुन्हा.

गाळ मोजायला दोन काठ्या लागतात. एका काठीच्या तळाला ताटलीएवढी चकती बसवा. ती गाळाच्या पृष्ठावर टेकून थांबते. दुसरी बारीक काठी गाळातून खाली जाऊन कठीण तळाला लागते. दोन्ही खोलींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. होडीतून, दोघांनी, जीवरक्षक जाकीट घालून, दर १० किंवा २० मीटरवर एक नोंद. पाण्यात पायी उतरायचं नाही. गाळात रुतलेला पाय सोडवणं सोपं नसतं. आणि दुसरी काठी जोर लावून खुपसायची नाही. कठीण लागलं की थांबा. तो कठीण तळ कदाचित तुडवलेल्या मातीचं अस्तर असेल, आणि त्याला भोक पाडण्याचा मान तुम्हाला नको. उदाहरणार्थ, २ हेक्टर तळ्यात सरासरी ६० सेंटिमीटर गाळ भरला तर १२,००० घनमीटर. एवढा चिखल ठेवायचा कुठे, हा प्रश्न यंत्र मागवण्याआधी सुटलेला हवा. त्यात विषारी धातू आहेत का ते तपासावं लागतं, परवानगी लागते, आणि जुन्या वृक्षांच्या मुळांवर तो पसरला तर ते गुदमरतात.

तळं उतरवायची वेळ आलीच तर सावकाश. पाणी झपाट्याने काढलं की पाळीचा आतला उतार भिजलेल्या वजनाने घसरतो, कारण त्याला टेकू देणारं पाणीच उरत नाही. मासे आधी हलवावे लागतात, त्याला परवाना लागतो. काठावरच्या पाणउंदरांच्या बिळांना आणि शिखाधारी न्यूटांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे जीवशास्त्रज्ञाला शेवटी नाही, आधी बोलवा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बूट, होडी, काठ्या धुऊन पूर्ण वाळवा; परदेशी चिंगाट्यांचा रोग ओल्या बुटावरून प्रवास करतो.

पायरी ४: पूल इथेच का?

आता पुलाकडे या, पण अजून जवळ जाऊ नका. प्रासादाच्या मुख्य खिडकीतून किंवा गच्चीवरून पाहा. लान्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३) या बागरचनाकाराच्या काळापासून तळ्याची टोकं लपवणं हा या कलेचा मुख्य डाव आहे. पाणी वळणाआड गेलं की डोळा समजतो, नदी पुढे वाहतेय. पूल त्या वळणावर ठेवला की फसवणूक पक्की होते: पूल आहे म्हणजे पुढे पाणी असणारच. लंडनच्या केनवूडला तर तळ्याच्या टोकाशी पांढरा पूल आहे तो नुसता दर्शनी भाग, रंगमंचावरच्या पडद्यासारखा. त्यावरून कुणी कुठे जात नाही. कधीकधी पूल वेगळ्या पातळीवरच्या दोन तळ्यांमधला बांध झाकतो. ब्लेनहाइमला उलटं झालं. वास्तुकार व्हॅनब्रोचा अवाढव्य दगडी पूल आधी उभा होता, खाली बारीकसा प्रवाह. ब्राऊनने १७६० च्या दशकात ग्लाइम नदी अडवली, पुलाच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या, आणि पूल एकदम प्रमाणात दिसू लागला.

लोखंडाने या खेळात एक नवी गोष्ट आणली: आरपार दिसणं. दगडी पूल पाण्याचे दोन तुकडे करतो. लोखंडी पूल रेघेसारखा राहतो, त्याच्या पोटातून मागचं पाणी चमकतं. माझ्या मते हाच त्याचा खरा दागिना, नक्षी नंतरची. म्हणून कठड्याला सुरक्षेसाठी जाड जाळी ठोकण्याचा प्रस्ताव आला की मी आधी त्या खिडकीत जाऊन उभा राहतो.

पायरी ५: धातू ओळखा

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. तीन शक्यता: बीड म्हणजे ओतीव लोखंड, घडीव लोखंड, आणि पोलाद. चुंबक तिन्हींना चिकटतो, त्यामुळे त्याने फक्त मागाहून बसवलेली ॲल्युमिनियमची किंवा फायबरची नक्कल पकडली जाते. अर्थात तेही काही कमी नाही.

बिडात कार्बन भरपूर, साधारण २ ते ४ टक्के. दाब प्रचंड सोसतं, ताण सोसत नाही, आणि मोडताना आधी वाकून इशारा देत नाही. ओळखायचं कसं? आतले कोपरे गोलसर असतात, कारण साच्यातून नमुना सुटायला हवा. कडेला साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक शिवण दिसते. आणि माझी आवडती खूण: दहा फलकांवर एकाच पानाच्या त्याच टोकाला तोच छोटासा दोष. लाकडी नमुन्याला गेलेला टवका प्रत्येक ओतकामात उतरलेला असतो. एखाद्या फलकावर तो नसेल, तर तो फलक नंतर बदललेला आहे.

घडीव लोखंडात कार्बन नगण्य, पण आत कीटाचे धागे असतात, लाकडाच्या रेषांसारखे. गंजलं की पापुद्रे सुटतात, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. ताण छान सोसतं. हेन्री कॉर्टच्या १७८४ च्या भट्टीपद्धतीनंतर ते भरपूर बनू लागलं. झुलते पूल, साखळ्या, कांबी, लोहाराने वळवलेल्या वेलबुट्ट्या यात. पोलाद १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर हळूहळू आलं. एकसारखं, गुळगुळीत, कापलेल्या कडा सरळ. एकाच पुलात तिन्ही असू शकतात: कमान बिडाची, बांधण्या घडीव, आणि १९५० नंतरची डागडुजी पोलादाची. प्रत्येक भागासमोर वेगळी नोंद करा.

काळाचा अंदाज यायला काही ओळखीचे पूल ध्यानात ठेवा. कोलब्रुकडेलचा मूळ लोखंडी पूल १७७९ मध्ये उभा राहिला, १७८१ च्या पहिल्या दिवशी खुला झाला. तो इस्टेटीतला नाही, पण सगळ्यांचा आजोबा आहे. त्याचे सांधे सुतारकामाचे आहेत, खाच, कूस आणि पाचर, कारण लोखंडाचे सांधे कसे करायचे हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. जर्मनीतल्या वोर्लिट्झच्या बागेत १७९१ साली राजपुत्र फ्रान्झने त्याचीच पावपट नक्कल तळ्याच्या पाण्यावर उभी केली. बाथच्या सिडनी गार्डन्समध्ये कालव्यावरच्या दोन बिडाच्या पुलांवर १८०० हे वर्ष ओतलेलंच आहे. सफकमधल्या कलफर्ड पार्कचा १८०४ चा पूल पोकळ बरगड्यांचा, सॅम्युअल वायटच्या पेटंटप्रमाणे. चेशरमध्ये ईटन हॉलच्या इस्टेटीकडे नेणारा ऑल्डफर्डचा पूल १८२४ चा, विल्यम हेझलडाइनच्या ओतशाळेचा; त्याच्या कमानीच्या कुशीतली जाळी पाहत राहावी अशी. बॅलमोरलला १८५७ चा अभियंता ब्रुनेलचा पूल मात्र घडीव लोखंडाच्या तुळयांचा, नक्षीच्या भानगडीत फारसा न पडलेला. स्टाउरहेडच्या तळ्याच्या एका फाट्यावरचा लोखंडी पूल १८६० चा, आधीच्या लाकडी पुलाच्या जागी आलेला.

पायरी ६: तपासणी

आधी नावं ठरवा. प्रवाहाच्या वरची बाजू आणि खालची बाजू, डावा काठ आणि उजवा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून. कठड्याच्या प्रत्येक फलकाला क्रमांक. हे कंटाळवाणं आहे, पण ‘तो मधला तुटका तुकडा’ असं लिहिलेला अहवाल पाच वर्षांनी कुणालाच वाचता येत नाही.

मग पाणी जिथे थांबतं त्या जागा शोधा. लोखंड भिजल्याने गंजत नाही तितकं ओलं राहिल्याने गंजतं. खांबांच्या तळाशी असलेले पेले, दोन पट्ट्यांमधली फट, फळ्यांखालची खोबण, नक्षीतल्या पानांची वाटी. एकदा पुलाच्या टोकाच्या पोकळ बिडाच्या खांबाशी गुडघे टेकून बसलो होतो. तळाशी बोटभर जाडीचं भोक, रंगाच्या आठ-दहा थरांनी बुजलेलं. कुणा रंगाऱ्याने दरवेळी इमानाने त्यावरूनही कुंचला फिरवला होता. बांबूच्या काडीने खरवडलं तसं आधी थेंब आला, मग काळी धार लागली, आणि ती चार मिनिटं वाहत होती. कुजक्या पानांचा वास. खांबाच्या अंगावर वीतभर उंचीवर एक उभी केसाएवढी भेग होती, तिचं कारण समोर ओघळत होतं: आत साठलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगायचं.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. म्हणून दोन पट्ट्यांच्या फटीत साचलेला गंज पाचरीसारखा काम करतो, रिवेट तोडतो, बीड फोडतो. फट फुगलेली दिसली तर मोजपट्टी धरून फोटो काढा. छोट्या हातोडीने हलके ठोकून ऐका. धड बीड खणखणीत वाजतं, भेगाळलेलं बद्द. हलके म्हणजे हलकेच. ज्या ठिकाणी मेण, राळ आणि लोखंडाच्या किसाचं मिश्रण भरून ओतकामातली छिद्रं बुजवलेली असतात, तिथेही आवाज बदलतो. ते नवीन नुकसान समजू नका.

टेकू विसरू नका. पुलाची टोकं जिथे काठावरच्या चिरेबंदी बांधकामात बसतात, तिथे तापमानाबरोबर लोखंडाला सरकायला जागा हवी. २० मीटरचा पूल, कडाक्याच्या थंडीपासून उन्हात तापण्यापर्यंत ४० अंशांचा फरक धरला तर लांबी सुमारे ९ मिलिमीटर बदलते. ती फट कुणी सिमेंटने भरली असेल तर जोर एकतर चिऱ्यांवर येतो किंवा बिडावर. चिऱ्यांच्या सांध्यात वटवाघळं राहत असतील, तर काम तिथेच थांबवून परवानाधारक तज्ज्ञ आणा.

वजनाबद्दल फार लिहीत नाही, कारण पूल किती वजन पेलेल ते ठरवणं तुमचं काम नाही, बांधकाम अभियंत्याचं आहे. फक्त त्याला हे सांगा की पुलावरून काय काय जातं: गवत कापायचा ट्रॅक्टर, लग्नाच्या फोटोसाठी एकदम चढणारी साठ माणसं. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वेपुलाची बिडाची तुळई गाडीखाली तुटली, पाच जणांचा जीव गेला, आणि तेव्हापासून ताणाखालच्या बिडावर अभियंत्यांचा विश्वास राहिला नाही. कमानीत बीड सुरक्षित, कारण तिथे दाब असतो. तुळईत ते असेल तर प्रश्न विचारायलाच हवेत.

पायरी ७: रंग, आणि खरवडण्याआधीचा एक दिवस

जुन्या पुलावरचा रंग म्हणजे दप्तर असतं. चाकूच्या टोकाने, धातूपर्यंत पोचेल असा नखाएवढा तुकडा तीन-चार निवाऱ्याच्या जागांवरून घ्या आणि प्रयोगशाळेत कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला द्या. थर मोजले जातात, पहिला रंग कळतो. कोलब्रुकडेलचा पूल कित्येक वर्षं करडा होता. २०१७–१८ च्या दुरुस्तीच्या वेळी मूळ रंगाचा पुरावा मिळाला आणि तो पुन्हा गडद तांबूस झाला. इस्टेटींमध्ये गडद, निस्तेज हिरव्या छटा बऱ्याच होत्या. लोखंडी कुंपण दुरून दिसूच नये म्हणून वापरायच्या काळपट हिरव्याला तेव्हा ‘अदृश्य हिरवा’ असंच नाव होतं. सगळं काळं रंगवायची सवय बरीच अलीकडची आहे. सगळे थर काढायचेच असतील तर एखाद्या आडोशाच्या जागी हातभर पट्टा जुन्या थरांसकट राखून ठेवा.

तळाशी शेंदरी थर दिसला तर तो शब्दशः शेंदूर, म्हणजे शिशाचा. वरच्या पांढऱ्या-हिरव्या थरांतही शिसं असण्याची दाट शक्यता. म्हणून कोरडं घासणं, यंत्राने धूळ उडवणं, ज्योतीने जाळणं बंद. ओलं करून खरवडा, योग्य मुखपट्टी वापरा, आणि खाली पाण्यावर ताडपत्रीची झोळी बांधा. एक कपचीही तळ्यात जाता कामा नये.

वेळ निवडणं हे रंगाइतकंच महत्त्वाचं. पाण्यावरचा पूल सकाळी उशिरापर्यंत दमट असतो. हाताला कोरडा लागला तरी असतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असेल तरच कुंचला उचला. म्हणजे व्यवहारात दिवसाचे चार-पाच तास. कंत्राटदाराला हे आवडत नाही. त्याला आवडावं असंही काही नाही.

बिडाची भेग साध्या वेल्डिंगने भरू देऊ नका. उष्णतेने शेजारी नवी भेग जाते. भेगेला आडव्या धातूच्या चाव्या ठोकून थंडपणे शिवण घालायची पद्धत आहे, ती करणारे कारागीर शोधा. घडीव लोखंडाचं व्यापारी उत्पादन ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात संपलं. आज जुनं भंगार पुन्हा तापवून, घडवून वापरतात. स्टेनलेसचे नवे बोल्ट जुन्या लोखंडात थेट घालू नका. ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमली की गंज जुन्यालाच खातो. आणि संरक्षित पुलाच्या दुरुस्तीला, बहुतेकदा रंग बदलायलाही, स्थानिक नियोजन खात्याची परवानगी लागते.

तळं उतरवायचं ठरलं असेल, तर पुलाच्या टेकूंची पाण्याखालची बाजू त्याच आठवड्यात पाहून घ्या. ती संधी दहा-वीस वर्षांत एकदा येते, आणि दोन्ही कामांचे ठेकेदार वेगळे असले की हमखास हुकते.

दर महिन्याची फेरी

एवढं झाल्यावर उरते ती छोटी फेरी, तासाभराची. सांडव्याच्या तोंडातला कचरा काढा. पाझराची बाटली भरून तारीख लिहा. पुलावरची पानं झाडा, फळ्यांमधल्या फटी मोकळ्या करा, खांबांच्या तळाची भोकं काडीने साफ करा. वेल कठड्यावर चढत असेल तर मुळाशी कापा, पण खेचू नका. रंग घेऊन येईल. बर्फ पडल्यावर पुलावर मीठ टाकू देऊ नका, वाळू टाका. पाण्यावर निळा-हिरवा साय धरल्यासारखा थर आला तर कुत्री आणि मुलं दूर ठेवायची पाटी त्याच दिवशी.

आणि एखादी फेरी मुद्दाम पावसात करा. पाऊस थांबला की अर्धा तास काठावर थांबून पुलाखालून वर पाहा. सगळीकडचे थेंब बंद होतात, दोन-तीन जागी टपटपत राहतात. खिशातल्या खडूने नकाशावर नाही, कोरडं झाल्यावर त्या जागेवरच खूण करा.